जुनं पोकलेन घेताय? ऑइलची लाल बत्ती आधी ओळखा. ‘सेन्सर खराब आहे’ एवढ्यावर व्यवहार करू नका

पुणे : पावसाळा संपला की शेततळी, विहिरी, बांधबंदिस्ती आणि रस्त्यांची कामं सुरू होतात. उन्हाळ्यात तलावातला गाळ काढायचा असतो. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना २०१७ मध्ये आल्यापासून गावोगावी मशीनला मागणी असते. नवं पोकलेन परवडत नाही, म्हणून जुन्नर, खेड, शिरूर, दौंड, पुरंदर, इंदापूरकडची तरुण मुलं कर्ज काढून जुनं मशीन बघायला पुण्यात येतात. रंग बघतात, साखळी बघतात, बकेट उचलून बघतात. आणि इंजिन ऑइलच्या प्रेशरकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही.

चूक नेमकी इथेच होते. बकेटचे दात झिजले तर बदलता येतात, पाइप फुटला तर त्याच दिवशी नवा बसतो. पण इंजिनचं ऑइल प्रेशर गेलं आणि मशीन तसंच चालवलं, तर बेअरिंग, क्रँक, टर्बो असं सगळं एकामागून एक जातं. मशीन महिनाभर शेडला उभं राहतं. कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही.

आधी एक गोंधळ दूर करू

गावात ‘ऑइल प्रेशर’ म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांसमोर हायड्रॉलिक येतं. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बूम, आर्म आणि बकेट हलवणारं हायड्रॉलिक ऑइल वेगळ्या टाकीत असतं. वीस टनांच्या मशीनमध्ये त्याचं प्रेशर ३०० बारच्या वर जातं. इंजिन ऑइल इंजिनच्या खालच्या चेंबरमध्ये असतं आणि त्याचं प्रेशर तीन-चार बार इतकंच असतं. हायड्रॉलिकचं प्रेशर कमी झालं तर काम मंदावतं. इंजिन ऑइलचं प्रेशर गेलं तर इंजिनच जातं. इथे बोलायचं आहे ते दुसऱ्याबद्दल.

पोकलेन हे नाव मुळात एका फ्रेंच कंपनीचं. भारतात एल अँड टीने तिच्या जोडीने ही यंत्रं बनवली आणि नाव इतकं रुळलं की आता कुठल्याही कंपनीच्या एक्स्कॅव्हेटरला आपण पोकलेनच म्हणतो. इंजिनाच्या बाबतीत तर पुण्याचं नाव मोठं आहे. खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आणि १९६२ पासून कोथरूडला कमिन्स. चाकणला ह्युंदाई आणि सानी, तळेगावला जेसीबी, असे मशीन बनवणारे कारखानेही इथेच आहेत. त्यामुळे सुटे भाग आणि जाणकार मिस्त्री शोधायला लांब जावं लागत नाही. आपल्याला काय विचारायचं, हे मात्र माहीत हवं.

प्रेशर तयार कसं होतं?

चेंबरच्या तळाशी जाळी असते. ऑइल पंप त्या जाळीतून ऑइल ओढतो. ते कूलर आणि फिल्टरमधून मुख्य गॅलरीत जातं. तिथून क्रँकची मेन बेअरिंग, कनेक्टिंग रॉडची बेअरिंग, कॅमशाफ्ट, वरचे रॉकर आणि टर्बोपर्यंत पोचतं आणि परत चेंबरमध्ये पडतं.

पंप फक्त ऑइल ढकलतो. त्या ऑइलला पुढे अडथळा होतो, म्हणून प्रेशर तयार होतं. पाण्याच्या पाइपचं तोंड अंगठ्याने दाबलं की धार लांब जाते, तसंच हे. बेअरिंग आणि क्रँकमधली फट साधारण केसाच्या जाडीइतकी असते, हा झाला अंगठा. बेअरिंग झिजलं की फट वाढते आणि अंगठा सुटतो. फट दुप्पट झाली तर त्यातून साधारण आठपट ऑइल वाहून जातं. पंप चांगला असला तरी मग प्रेशर टिकत नाही.

दुसरी गोष्ट ऑइलच्या जाडीची. १५डब्ल्यू-४० ऑइल ४० अंशांना जितकं जाड असतं, त्यापेक्षा १०० अंशांना सात-आठपट पातळ होतं. म्हणून सकाळी थंड इंजिनवर प्रेशर झकास दिसतं. खरी परीक्षा दुपारी, तास-दीड तास काम झाल्यावर होते.

किती प्रेशर हवं?

प्रत्येक इंजिनचा आकडा त्याच्या पुस्तकात दिलेला असतो आणि शेवटी तोच खरा. अंदाज यावा म्हणून एक उदाहरण घेऊ. वीस टनांच्या अनेक जुन्या मशीनमध्ये कमिन्सचं सहा सिलिंडरचं ५.९ लिटरचं बी-मालिकेतलं इंजिन असतं. त्यासाठी गरम ऑइलवर कमीत कमी प्रेशर असं :

- आयडलला (कमी रेसवर) : १० पीएसआय, म्हणजे सुमारे ०.७ किलो
- पूर्ण रेसवर : ३० पीएसआय, म्हणजे सुमारे २.१ किलो
- जास्तीचं ऑइल परत सोडणारा रेग्युलेटर व्हॉल्व्ह उघडतो : ६० ते ६५ पीएसआयला, म्हणजे साडेचार किलोच्या आसपास

हे किमान आकडे आहेत. गरम आयडलला १२ पीएसआय दिसलं म्हणजे इंजिन नव्यासारखं आहे, असं समजू नका. ते काठावर आलं आहे, इतकाच त्याचा अर्थ.

बत्ती लागली तर पहिलं काम

इंजिन बंद करा. ‘एवढा खड्डा संपवू आणि मग बघू’ हे चालणार नाही. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या घरात फिरतो आणि तो फक्त ऑइलच्या थरावर तरंगत असतो. ऑइल गेलं की तो सगळ्यात आधी मरतो. शक्य असेल तर बकेट जमिनीला टेकवा, चावी काढून खिशात ठेवा आणि मगच बोनेट उघडा.

आता स्वस्तातल्या तपासणीपासून महागातल्या तपासणीकडे जायचं. थेट चेंबर खोलायला सांगणारा मिस्त्री घाई करतोय, असं समजा.

१) डिपस्टिक : फुकटात होणारी तपासणी

मशीन सपाट जागेवर लावा, इंजिन बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबा आणि मग पट्टी बघा.

लेव्हल कमी असेल तर आधी भरा आणि ऑइल कुठे गेलं ते शोधा. पोकलेन उतारावर काम करतं. ऑइल कमी असलं की ते चेंबरच्या एका बाजूला सरकतं, जाळी उघडी पडते आणि पंप हवा ओढतो. सपाटीवर बत्ती बंद आणि उतारावर चालू, असं होत असेल तर पहिला संशय लेव्हलचा घ्या. लेव्हल बरोबर असेल तर जाळीच्या पाइपला चीर गेली आहे का, हे बघा.

लेव्हल वाढलेली दिसली तर ते जास्त वाईट. ऑइल आपोआप वाढत नाही, त्यात दुसरं काहीतरी येतंय.

- डिझेल आलं असेल तर ऑइल पातळ होतं आणि डिझेलचा वास येतो. एक थेंब पेपरवर टाका. काळ्या डागाभोवती फिकट तेलकट कडं लांब पसरलं तर संशय घ्या. इंजेक्टर, फीड पंप किंवा डिझेल पंपाचं सील तपासा.
- पाणी आलं असेल तर ऑइल चहासारखं दुधी दिसतं. ऑइल कूलर किंवा हेड गॅस्केट बघा. कूलर फुटला असेल तर इंजिन चालू असताना ऑइल पाण्यात जातं, कारण ऑइलचं प्रेशर जास्त असतं. इंजिन बंद झाल्यावर पाणी उलटं ऑइलमध्ये येऊ शकतं. म्हणून रेडिएटरचं झाकणही उघडून बघा, पण इंजिन थंड झाल्यावरच.
- ज्या मशीनमध्ये हायड्रॉलिक पंप इंजिनच्या गिअरवर बसवलेला असतो, तिथे पंपाचं सील गेलं की हायड्रॉलिक ऑइल इंजिनमध्ये येऊ शकतं. इंजिनची लेव्हल वाढतेय आणि हायड्रॉलिक टाकीची कमी होतेय, तर गणित सुटलं.

२) सेन्सर खोटं बोलतोय का?

विकणारा हमखास म्हणतो, “दादा, प्रेशर एकदम ओके आहे, फक्त सेन्सर खराब आहे. किरकोळ काम आहे.” ते खरं असू शकतं. सेन्सर खराब होतात, वायर घासून बॉडीला लागते, पावसात कनेक्टरला गंज चढतो. पण सेन्सर खरंच एवढा किरकोळ असेल तर विकणाऱ्याने तो बदलून का घेतला नाही, हा प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत.

याची शहानिशा करायचा एकच मार्ग आहे : साधा काट्याचा मेकॅनिकल प्रेशर गेज. सेन्सर काढायचा, त्याच आट्यात गेज बसवायचा आणि इंजिन चालू करायचं. वायर नाही, बॅटरी नाही, त्यामुळे फसवणुकीला जागा नाही. पुण्यात नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानांत गेज आणि त्याचे जोड मिळतात. मात्र सेन्सरचा आटा कोणता आहे ते आधी बघा. चुकीचा जोड जबरदस्तीने पिळला तर ब्लॉकचा आटा जातो आणि नवीनच काम उभं राहतं. गेजची नळी गरम मॅनिफोल्डला आणि पंख्याला लागणार नाही, अशी बांधा.

गेज नीट आणि बत्ती चालू, तर दोष सेन्सरचा किंवा वायरिंगचा. गेजही खाली, तर दोष इंजिनमध्ये.

३) काटा काय सांगतो?

इंजिन तासभर कामात गरम करा आणि मग बघा.

- थंडीत चांगलं, गरम झाल्यावर आयडलला पडतं, रेस दिली की सावरतं : बेअरिंग झिजलीत, पंप झिजला आहे किंवा ऑइल पातळ झालं आहे.
- थंड-गरम, कमी-जास्त रेस, सगळीकडे कमीच : रेग्युलेटर व्हॉल्व्ह कचऱ्याने उघडा अडकला असेल, किंवा पंप नाहीतर सक्शनमध्ये दोष असेल.
- रेस वाढवली की प्रेशर उलट खाली येतं : तळाची जाळी गाळाने बुजली असेल. पंपाला हवं तेवढं ऑइल मिळत नाही.
- काटा सारखा थरथरतो : सक्शनमधून हवा ओढली जातेय. लेव्हल, पाइपची चीर आणि गॅस्केट किंवा ओ-रिंग तपासा.
- गरम झाल्यावरही प्रेशर प्रमाणाबाहेर जास्त : व्हॉल्व्ह बंद अडकला असेल किंवा फार जाड ऑइल भरलं असेल. जास्त प्रेशर म्हणजे चांगलं इंजिन, हा गैरसमज आहे.

पोकलेनमध्ये आणखी एक खूण मिळते. काम करताना इंजिन सतत वरच्या रेसवर असतं, त्यामुळे दोष झाकला जातो. लिव्हर सोडले की ऑटो आयडलने रेस खाली येते आणि त्या क्षणी बत्ती लुकलुकते. कुणी ऑटो आयडल बंदच करून ठेवतं आणि बत्ती दिसायची थांबते. दोष मात्र तिथेच असतो. जुनं मशीन बघताना ऑटो आयडल बंद दिसलं तर ते चालू करायला सांगा.

४) फिल्टर कापून बघा

फिल्टर चोंदला म्हणून प्रेशर एकदम शून्यावर सहसा येत नाही. फिल्टर भरला की आतला बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइल न गाळताच पुढे जातं. प्रेशर टिकतं, पण कचरा थेट बेअरिंगवर जातो. त्यामुळे नुसता फिल्टर बदलून रोग बरा झाला, असं क्वचितच होतं.

पण जुना फिल्टर फेकू नका. तो कापा, आतला कागद पसरवा, पिळा आणि उजेडात बघा. शक्यतो फिल्टर कटर वापरा, कारण हॅकसॉने कापलं तर पात्याचा कीस त्यात मिसळतो. लोहचुंबक फिरवा. चिकटलं ते लोखंड : गिअर, लायनर, क्रँक. न चिकटणारी रुपेरी चमक बेअरिंगच्या वरच्या थराची किंवा ॲल्युमिनियमची असू शकते. तांबूस रंग दिसला तर बेअरिंगचा वरचा थर संपून आतलं तांबं उघडं पडलं असण्याची शक्यता आहे. तांबूस कीस दिसल्यावर ते इंजिन कामाला लावू नका.

५) व्हॉल्व्ह आधी, चेंबर नंतर

बी-मालिकेच्या इंजिनात प्रेशर रेग्युलेटर फिल्टर हेडजवळ बाहेरून निघतो. प्लग, स्प्रिंग आणि प्लंजर इतकंच असतं. प्लंजर बोटाने सहज सरकला पाहिजे. तो अडकत असेल तर साफ करा, त्यावर ओरखडे असतील तर बदला. इतक्या कामातही प्रेशर परत येऊ शकतं. स्प्रिंगखाली वायसर टाकून प्रेशर ‘वाढवून’ द्यायची युक्ती मात्र स्वीकारू नका. आकडा वाढेल, झिजलेलं बेअरिंग तसंच राहील.

तिथे काही सापडलं नाही, तर चेंबर खोलायचं. जाळी, सक्शन पाइप, त्याचं गॅस्केट बघायचं. मग एक-एक बेअरिंग कॅप काढून फट मोजायची. त्यासाठी प्लास्टीगेज नावाचा बारीक मेणासारखा धागा मिळतो. तो दाबला जाऊन किती रुंद झाला, त्यावरून फट कळते. ‘हाताने हलवून बघितलं, ठीक आहे’ हे मोजमाप नव्हे. बी-मालिकेत ऑइल पंप पुढच्या गिअर कव्हरमागे असतो, त्यामुळे चेंबर काढून पंप तपासला, असं कुणी म्हणालं तर नीट विचारा. ज्या इंजिनात पिस्टनला ऑइल मारणारे नोझल असतात, तिथे एखादं नोझल निखळलं तरी प्रेशर पडतं, तेही बघायला सांगा.

बेअरिंग बदलायची वेळ आली तर क्रँकही मायक्रोमीटरने मोजून घ्या. ओरखडलेल्या क्रँकवर नवी बेअरिंग टाकली तर ती फार दिवस टिकत नाहीत.

मशीन घेताना या सहा गोष्टी कराच

१. न सांगता किंवा सकाळी लवकर जा. इंजिनला हात लावून बघा. आधीच गरम करून ठेवलं असेल तर का, ते विचारा.

२. चावी ऑन करा, इंजिन सुरू करू नका. ऑइलची बत्ती लागलीच पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर काही सेकंदांत विझली पाहिजे. चावी ऑन केल्यावर बत्ती लागतच नसेल तर बल्ब गेला आहे, वायर निघाली आहे किंवा कुणीतरी काढून ठेवली आहे. काही मशीनमध्ये डिस्प्ले वेगळ्या पद्धतीने दाखवतो, त्यासाठी पुस्तक बघा.

३. ऑइल बोटांवर घेऊन बघा. प्रमाणाबाहेर जाड आणि चिकट वाटलं तर प्रेशर दिसावं म्हणून जाड ऑइल भरलं असू शकतं. खात्री नसेल तर विकणाऱ्यासमोर, तुमच्या खर्चाने, पुस्तकात सांगितलेल्या ग्रेडचं ऑइल आणि नवा फिल्टर टाका आणि मग चाचणी घ्या. जुना फिल्टर कापून बघायची संधीही मिळते.

४. किमान एक तास खऱ्या मातीत खोदाई करून बघा. नुसतं बूम वर-खाली करून इंजिन तापत नाही.

५. गरम आयडलला मेकॅनिकल गेज लावा आणि आकड्याचा फोटो काढा. गेज लावू देत नसतील तर तिथून उठा.

६. तासांच्या मीटरवर जाऊ नका. पिन-बुश, साखळी, पॅडल, सीट यांची झीज आणि मीटर यांचा मेळ बसतो का, ते बघा.

चाचणीत प्रेशर किमान आकड्याच्या खाली आलं, तरी मशीन सोडून द्यायलाच हवं असं नाही. पण मग किंमत ठरवताना इंजिनचं पूर्ण काम धरा. आपल्या ओळखीच्या मिस्त्रीकडून त्या कामाचा अंदाज आधी लिहून घ्या, तेवढी रक्कम कमी करून बोला आणि जे ठरेल ते कागदावर आणा. फायनान्सवाल्याने मशीन पाहिलं म्हणजे इंजिन तपासलं असा अर्थ होत नाही. तो किंमत बघतो, बेअरिंग नाही.

घेतल्यावर काय सांभाळायचं?

अनेक मशीनना २५० तासांनी ऑइल-फिल्टर बदलायला सांगितलेलं असतं. आपल्या मशीनचा आकडा पुस्तकात बघा. वाघोली-मोशीसारख्या खाणीच्या धुळीत काम असेल तर त्याआधीच बदला आणि एअर फिल्टरकडे जास्त लक्ष द्या, कारण हवेतून आत गेलेली धूळ बेअरिंगपर्यंत पोचते. रोज सकाळी पट्टी बघायची सवय ऑपरेटरला लावा आणि वहीत नोंद ठेवा : तारीख, तास, किती ऑइल भरलं. इंजिन बंद करण्याआधी तीन-चार मिनिटं आयडलला चालू द्या, टर्बो थंड होतो. काढलेलं काळं ऑइल ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका, ते डब्यात भरून अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच द्या.

मेकॅनिकल गेज टूलबॉक्समध्ये कायम ठेवा. महिन्यातून एकदा, गरम इंजिनवर, आयडल आणि पूर्ण रेस असे दोन आकडे वहीत लिहा. मागच्या महिन्यात २० पीएसआय होतं, या महिन्यात १६ आणि पुढच्या महिन्यात १३, असं दिसू लागलं तर बत्ती लागायच्या कितीतरी आधी कळतं. मग बेअरिंगचं काम पावसाळ्यात, मशीन उभं असताना उरकता येतं. ऐन मार्चमध्ये गाळाचं काम हातात असताना क्रँक तुटण्यापेक्षा ते कधीही परवडतं.